शिरूरची बावची आणि टेबलावरची बाटली

भादव्यात मी शिरूरला निघालो तो स्वतःचा विजय पाहायला. ज्येष्ठात शेतकी खात्यातर्फे तिथल्या ख्रिस्ती मिशनच्या आवारालगत मी भर उन्हात दोन तास भाषण ठोकलं होतं. जमिनीतले उपयोगी जिवाणू आता बाटलीत मिळतात. गुळाच्या पाण्यात कालवून बियाण्याला चोळले की मुळांवर गाठी धरतात आणि हवेतला नत्र पिकाला देतात, हे मी गर्जून सांगितलं. त्याच गाठींसाठी जुन्या शेतातली माती नव्या शेतात टाकणाऱ्यांची टवाळीही केली. तिथले शेतकरी योहानआबा यांनी माझ्यासमोरच्या टेबलावरची बाटली तेव्हाच घेतली. कोडावरच्या औषधासाठी ते बावची लावतात. पीक साधलं तर सगळं बी घ्यायचं पुण्याच्या एका वैद्यांनी कबूल केलं होतं.

सकाळच्या एसटीत उजवीकडे बसू नका, ऊन शिरूरपर्यंत पाठ सोडत नाही. मी डावीकडची सावली धरली. शिक्रापूरला गरम भजी मिळाली.

आबांची बावची गुडघ्याएवढी, पिवळी पडलेली. बांधालगतचा एक पट्टा मात्र कमरेएवढा, हिरवागार. मी आधी बियाण्याला दोष दिला, मग जमिनीला. आबांनी दोन्हीकडची रोपं उपटली. माझ्या बाटलीच्या रोपाची मुळं कोरी होती. दुसऱ्याला गाठी लगडल्या होत्या. त्या पट्ट्यात त्यांनी जुन्या बावचीखालची माती टाकली होती.

"बाटली तुमच्या म्होरं उन्हात व्हती, साहेब," ते म्हणाले. "आत जीव हाय म्हणून तुम्हीच सांगत व्हता, आन् ती तिथंच शिजत व्हती."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"तुम्ही बोलत व्हता. मधी कसं उठायचं?"

वैद्यांना आता त्या पट्ट्यापुरतंच बी जाणार होतं.

संध्याकाळी राहू गावात माझी सभा होती, शिरूरचं यश सांगण्यासाठी. आबांनी दोन्ही रोपं ओल्या फडक्यात बांधून दिली. तळेगाव ढमढेरेपर्यंत एसटी, पुढे बैलगाडी, मग भीमेवर होडी. पात्राच्या मध्यावर वाटलं, पिवळं रोप सोडून द्यावं पाण्यात. हात फडक्यापर्यंत गेलाही.

राहूत दोन्ही रोपं दाखवली आणि घडलं ते पाच मिनिटांत सांगितलं. पुढं बसलेल्या म्हातारीनं विचारलं, "म्हंजी बाटलीतल्या जिवांस्नी तुम्हीच मारलं व्हय?"

"हो," मी म्हणालो. सभा हसली. एवढं खरं हसू माझ्या कुठल्याच सभेत उमटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी खुटबाववरून रेल्वे गाठून पुण्याला आलो. पिवळं रोप अजून टेबलावर आहे, वाळून काडी झालेलं. राहूच्या शेतकऱ्यांचं पत्र कालच आलं. येत्या पेरणीला त्यांना बाटल्या हव्या आहेत. त्या मी सावलीतून पोचवायच्या आहेत. बियाण्याला जिवाणू कसे चोळायचे हे सांगायला मात्र त्यांनी योहानआबांना बोलावलं आहे.