टिंब, ओके आणि आण्णांची पावती

भूतबीत, करणी, अंगात येणं — मला यातलं काही पटत नाही, आजही नाही. माझं काम ईमेल सर्व्हरचं. तिथं प्रत्येक गोष्टीची नोंद असते, आणि नोंद नसेल तर ती घडलीच नाही असं मी ज्युनियर्सना दरडावून सांगते. त्यामुळे पुढचं लिहिताना माझीच पंचाईत होतेय...

कोल्हापुरात मंगळवार पेठेत, पिठाच्या गिरणीवर, दुसऱ्या मजल्यावर आमचं पाच जणांचं ऑफिस. पुण्याच्या एका क्लायंटच्या काही मेल्स गायब झाल्या आणि खापर फुटलं इरफानवर, कारण आमच्या सर्व्हरचा तो भाग त्याने लिहिलेला. साहेबांनी सकाळीच सांगितलं, "चारच्या मीटिंगमधी चूक आपली ठरली, तर इरफानला काढायला लागंल."

साधं सांगते. पाठवणारा सर्व्हर मेलच्या शेवटी एक टिंब पाठवतो, म्हणजे "माझं संपलं". घेणारा उत्तर देतो, "ओके". इथं क्लायंटकडून टिंब आल्यावर, पण आमचं ओके जायच्या आधी, लाइन तुटली होती. मग तेवढ्या वेळात मेल कुणाची? ईमेलचे जगभरचे लेखी नियम, म्हणजे स्टँडर्ड, त्यातलं एक वाक्य म्हणतं, टिंब मिळालं की घेणाऱ्याने मेलचं काम हातात घ्यावं. क्लायंट त्यावरच अडून बसलेला — टिंब गेलं, जबाबदारी तुमची! मी ते वाक्य वाचून वाचून थकले. अर्थ दोन्ही बाजूंनी निघत होता.

"सोडा की ओ ताई," इरफान म्हणाला. "कुरुंदवाडला जाऊन अब्बांचं दुकान बघतो."

"गप बस!" मी ओरडले. खरं तर मला रडू येत होतं.

अडीच वाजता माझ्या इनबॉक्समध्ये एक मेल आली. पाठवणाऱ्याचं नाव कोरं. विषय कोरा. आत एकच ओळ — "पावती हातात पडस्तवर दूध आपलंच."

हे माझ्या वडिलांचं, आण्णांचं वाक्य! शिरोळला सकाळी डेअरीला दूध घातलं की बाकीचे गप्पा मारत निघून जायचे. आण्णा मात्र पावती मिळेपर्यंत काउंटरपाशी खांबासारखे उभे. तोवर सांडलं, नासलं तरी आपलंच, म्हणायचे. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. ईमेल त्यांनी जन्मात बघितली नव्हती.

पण माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. स्टँडर्डमध्ये पावती कुठे आहे ते शोधलं, आणि वेगळ्याच पानावर सापडली — "ओके" म्हणताना घेणारा जबाबदारी स्वीकारतो. टिंबावर नाही!

चार वाजता ऑनलाइन मीटिंगमध्ये मी क्लायंटला एकच विचारलं, "तुमच्याकडची कॉपी कधी पुसली?" त्यांनी स्वतःचाच लॉग, म्हणजे सर्व्हरची नोंदवही, उघडला. टिंबाबरोबरच पुसलेली, ओकेची वाट न बघता.

"पावती न घेताच निघालात की हो," मी म्हणाले.

तिकडून हळूच, "आमचंच चुकलं."

"जिकलो की ओ ताई!" इरफान असा ओरडला की खालचा गिरणीवाला धावत वर आला. मी पोट धरून हसले, आणि मग रडलेही.

संध्याकाळी त्या मेलच्या मागे लागले. मेल ज्या सर्व्हरवरून जाते, तो तिच्यावर शिक्का मारतो. हिच्यावर एकही शिक्का नाही. आमच्या लॉगमध्ये ती आल्याची नोंदसुद्धा नाही. आपण पाठवली नाही म्हणून इरफानने अम्मीची शपथ घेतली, आणि ते वाक्य ऑफिसात कुणाला माहीतही नव्हतं. सगळं तपासलं, आजवर उत्तर नाही.

नोंद नाही, म्हणजे त्या मेलला आमच्याकडून "ओके"ही गेलेलं नाही. नियमाने ती अजून पाठवणाऱ्याचीच. म्हणजे आण्णा अजून काउंटरपाशी उभेच आहेत... आणि खरं सांगू? पावती द्यायची मला मुळीच घाई नाही.