मागच्या सीटवरचा वारा

पन्नाशीला टेकताना मी टुरिंगची मोटारसायकल घेतली, तेव्हा जळगावच्या आमच्या गल्लीत आठ दिवस दुसरा विषय नव्हता. मला चालवायची होती आणि आमच्या ह्यांना मागे बसून मुलूख बघायचा होता. ह्यांना गाडी चालवायचा पहिल्यापासून कंटाळा. एवढी सोयीची जोडी शोधून सापडायची नाही.

अडचण एकच, वारा. ऐंशीच्या पुढे गेलं की हेल्मेट असं गदागदा हलायचं, की समोरच्या एका ट्रकचे मला दोन दिसायचे. शेवटी मी उंच विंडशील्ड मागवलं आणि रविवारी अंगणात बसून स्वतःच्या हाताने बसवलं. काय सांगू! छातीवर वारा नाही, कानात घोंघाट नाही. दिवसभर मी येणाऱ्याजाणाऱ्याला ती काच दाखवत होते, आणि हे बाजूला उभे राहून कौतुकाने हसत होते.

त्यानंतर मात्र ह्यांनी गाडीवर यायचं टाळायला सुरुवात केली. आज पाठ दुखते, उद्या कुणीतरी भेटायला येणार आहे. त्याच सुमारास दोंडाईच्याला एका लग्नात ह्यांच्या मावसभावाने भर मांडवात विचारलं होतं, "काय भाऊ, वहिनींनी बसवून आणलं का?" सगळे हसले, हेही हसले. माझ्या डोक्यात मात्र किडा वळवळायला लागला. ह्यांना माझ्या मागे बसायची लाज वाटते, दुसरं काय!

पुढच्या खेपेला नणंदेकडे जायचं होतं, तर हे चक्क एसटीने निघाले. पुढे एसटी, मागे मोटारसायकलवर मी, आणि खिडकीतून हे मला हात करतायत. मी ओव्हरटेक केला आणि मुद्दाम वळून पाहिलं नाही. पंचवीस वर्षांचा संसार, आणि बायको गाडी चालवते म्हणून हा माणूस एसटीत बसतो? राग तर आलाच होता, पण त्याहून जास्त वाईट वाटलं होतं. एकटीनेच फिरायचं असेल तर हवी कशाला ही गाडी? विकून टाकावी, इथपर्यंत मन आलं होतं.

रावेरजवळच्या गावात माझे काका केळी करतात. त्यांना आम्ही आबा म्हणतो. त्यांच्याकडे जायचं ठरलं तेव्हा मी फणकाऱ्याने म्हटलं, "तुमचं तुम्ही एसटीचं बघा." काय वाटलं कोण जाणे, हे मुकाट्याने मागे येऊन बसले. पोहोचल्यावर ह्यांनी हेल्मेट काढलं. तोंड लालबुंद, एक हात मानेवर, डोळ्यांत पाणी.

"जावईबापू, हिने रडवलं का काय तुम्हाला?" आबांनी विचारलं.

"वारा हो, आबा."

"वारा?" मी उसळलेच. "मला तर झुळूकसुद्धा लागत नाही!"

हे मूळचे धुळ्याकडचे. एरवी पुस्तकी मराठी बोलतात, पण सहन होईनासं झालं की घरची अहिराणी बाहेर पडते. "तुले नही लागस वं! बठ्ठा वारा मन्हा डोकावर येस!"

सगळा वारा ह्यांच्या डोक्यावर, हे ऐकून आबा पोट धरून हसले. मी हळूच विचारलं, "म्हणजे माझ्या मागे बसायची लाज नाही वाटत?"

"कसली लाज?"

"मग बोलला का नाहीत?"

"तू त्या काचेवर एवढी हरखली होतीस. कसं सांगायचं?"

अरे देवा! महिनोन्‌महिने मी ह्या माणसावर मनातल्या मनात खटले चालवत होते. आबा समोर नसते तर तिथेच मिठी मारली असती.

आबांनी गाडीभोवती एक फेरी मारली, काचेवर टिचकी वाजवली आणि आम्हाला मळ्याच्या कडेला नेलं. शेजाऱ्याने वाऱ्याच्या बाजूला सलग पत्र्याचं कुंपण घातलं होतं. पत्र्याला लागून असलेली केळी ठणठणीत होती आणि तिसऱ्या-चौथ्या ओळीतल्या पानांच्या मात्र चिंध्या झाल्या होत्या. "पत्र्यावरून उडी मारून वारा मागच्यांवर आदळतो," आबा म्हणाले. त्यांच्या स्वतःच्या बांधावर शेवरीची झाडं आणि हिरवी जाळी होती. तिच्यातून थोडा वारा आत येत होता, पण पानं नुसती डुलत होती. मी शाळेत विज्ञान शिकवते, हे त्या क्षणी कुणी बोलून दाखवलं नाही, हे नशीब.

मग काय, खळ्यातच गॅरेज मांडलं. काच बोल्टच्या एका भोकाने खाली घेतली आणि तिच्या खालच्या बाजूने हवा आत यावी म्हणून फट सोडायचं ठरलं. काचेमागे बोल्टवर ओवायला आबांनी ठिबकच्या नळीचे तुकडे कापले, ट्रॅक्टरच्या पेटीतले लांब बोल्ट शोधले. एक बोट फट ठेवून सावद्याच्या दिशेने चक्कर मारली. हे मागून हात वर करून वारा चाचपत होते. "थोडं बरं आहे," म्हणाले. दोन बोटं केली, पुन्हा चक्कर. या वेळी माझ्या छातीवर गार झुळूक लागली आणि मागून चक्क गाणं ऐकू आलं. सूर यथातथाच होता, तरी मी पुढचे दोन किलोमीटर गाडी वळवलीच नाही.

दुपारी परत निघालो. नशिराबादजवळ पेट्रोलला थांबलो, तर पंपावरच्या माणसाने माझ्याकडे न बघता ह्यांना विचारलं, "साहेब, किती टाकू?"

"मॅडमना विचारा," हे शेजारच्या रांगेलाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाले. "गाडी त्यांची आहे. मी त्यांच्यासोबत फिरतो."

रांगेतली दोन-चार डोकी वळली. ह्यांनी त्यांच्याकडे बघून झकास नमस्कार केला. मी टाकीचं झाकण उघडलं आणि सांगितलं, "फुल करा."

जळगावात घराकडे वळायला मी ब्रेक लावला, तर ह्यांनी मागून खांद्यावर थोपटलं आणि हात लांब करून धुळ्याचा रस्ता दाखवला.