खिडकीकडे तोंड करून

कोणी पासवर्ड टाकायला लागलं की काका खुर्चीसकट खिडकीकडे वळायचे. नुसती नजर बाजूला करणं त्यांना पुरेसं वाटत नसे. लाकडी खुर्ची फरशीवर करकरायची, त्यांची पाठ आपल्याकडे यायची आणि मग बाहेरचं धावतं वर्णन सुरू व्हायचं. "तिवारींच्या गच्चीवर पापड घातलेत. कावळा आलाय. उडाला." आवाज खिडकीच्या दिशेला जातोय, म्हणजे माणूस चोरून बघत नाही, अशी आपली खात्री पटावी म्हणून हा सगळा खटाटोप. आपण "झालं" म्हणालो की खुर्ची पुन्हा करकरत सरळ व्हायची. "झालं" ऐकल्याशिवाय ते कधी वळले नाहीत.

असा माणूस तुमच्याही ओळखीत असेल. प्रत्येक गल्लीत एक असतोच, ज्याच्याकडे सगळे आपापले अडून बसलेले फोन घेऊन जातात. भोपाळच्या इंद्रपुरीतल्या आमच्या ओळीत तो मान काकांचा होता. तरुणपणी साताऱ्याहून इथल्या मोठ्या कारखान्यात आले आणि टाइम ऑफिसात कामगारांची हजेरी बघत रिटायर झाले. भोपाळला उभा जन्म गेला, पण घरातलं मराठी त्यांनी सातारचंच ठेवलं. मी मूळची ग्वाल्हेरची, त्यामुळे माझं बोलणं त्यांच्या तावडीत सापडायचंच.

"काका, ओटीपी येतच नाही आहे, मी केव्हाची परेशान आहे."

"आधी हैराण हो. परेशान व्हायला पिपलानीच्या बाजारात जा, तिथे हिंदी चालतं. मग बघू ओटीपीचं."

मी गोविंदपुऱ्यातल्या एका लहानशा कारखान्याच्या ऑफिसात काम करते. बँकांच्या साइटशी रोजचा संबंध, तरी घरचं काही अडलं की मी काकांकडेच जायची. खरं सांगायचं तर निम्म्या वेळेला मला काही अडलेलं नसायचं. काकूंचा चहा आणि काकांची बोलणी, दोन्ही हवी असायची.

त्यांची स्मरणशक्ती हा आमच्या करमणुकीचा विषय होता. बाजारात कारखान्यातला एखादा जुना माणूस भेटला की काका त्याला नावाने हाक मारत नसत, त्याच्या हजेरीच्या तिकीट नंबराने मारत. म्हातारा यादव भाजी निवडताना एकदम ताठ उभा राहायचा. म्हणूनच कोणी घाईत "अंकलजी, आप ही डाल दीजिए ना पासवर्ड, मैं बोलता हूँ" म्हणालं, की काका दोन्ही कानांवर हात ठेवायचे. "नहीं भैया, बोलना मत. मला सांगू नका. ऐकलं की राहतं माझ्या डोक्यात."

त्यांची मुलगी वर्षा पुण्याला असते. एका सुट्टीत तिने त्यांच्या फोनवर आणि कंप्युटरवर पासवर्ड सांभाळणारं अॅप घालून दिलं. सगळे पासवर्ड ते अॅपच लक्षात ठेवतं, खरी साइट उघडली की पत्ता ओळखून आपणहून भरतं, आपण फक्त अंगठा टेकवायचा. काका आधी रुसले. माझ्या डोक्याला काय झालंय, म्हणाले. पण आठवड्याभरात त्यांनी त्या अॅपचं बारसं करून टाकलं, मुनीमजी. अंगठा टेकवायचा आणि ऐटीत म्हणायचं, "मुनीमजी, भरा!" चौकटी भरून यायच्या. पुढे त्यांनी अख्ख्या ओळीला मुनीमजी नेमून दिले.

मुनीमजींनी एकदा तिवारींचे पैसे वाचवले. खातं बंद होणार म्हणून तिवारी भाईसाहबांना मेसेज आला, सोबत लिंक. साइट हुबेहूब त्यांच्या बँकेची. ते घामाघूम होऊन आले. "भाईसाहब, आपके मुनीमजी तो हिल ही नहीं रहे. कुछ भर नहीं रहे."

काकांनी फोन हातात घेतला, चष्मा वर केला आणि म्हणाले, "मुनीमजी नहीं पहचान रहे, तो हम कौन होते हैं पहचाननेवाले? बंद करो." मग बँकेत फोन लावला, तर ती साइट बनावट निघाली. दुसऱ्या दिवशी तिवारी मावाबाटी या खव्याच्या मिठाईचा डबा घेऊन आले, आणि काकूंनी काकांना त्यातली एकच खाऊ दिली.

पण पंचाईत अशी की खऱ्या साइटीही पुष्कळदा खोट्यासारख्या वागतात. तुम्हीही भोगलं असेल. एका बँकेत नाव पहिल्या पानावर आणि पासवर्ड दुसऱ्या पानावर, मुनीमजी मधल्या मध्ये उभे. दुसरीकडे पासवर्ड चिकटवायलाच बंदी. म्युच्युअल फंडाच्या साइटवर मुनीमजींनी माझा मोबाइल नंबर नेऊन कॅप्चाच्या चौकटीत भरला होता. अशा वेळी काका कोणाला घाबरू द्यायचे नाहीत. "तुमची काही चूक नाही, साइटच वेडी आहे," म्हणायचे. माणसं हसत घरी जायची. आपण मूर्ख नाही हे कोणीतरी सांगितलं की किती बरं वाटतं.

मग काकांच्या स्वतःच्या बँकेने साइट बदलली. पेन्शन तिथेच यायची आणि आमच्यातल्या बऱ्याच जणांची खाती तिथेच. नव्या साइटवर मुनीमजींना मज्जाव. पडद्यावर अक्षर-आकड्यांच्या चौकटी यायच्या, दर वेळी जागा बदललेल्या, आणि त्या एकेक दाबून पासवर्ड स्वतः टाकायचा. सगळ्यांनी बोटं मोडली. काकांकडे गेलं की ते म्हणायचे, "आज साइट वेडी आहे, उद्या या." उद्या गेलं की पुन्हा तेच. लोक हळूहळू शाखेत जाऊन काम उरकायला लागले आणि त्यात कोणाला काही वावगं वाटलं नाही.

त्याच सुमाराला बाजारात यादव भेटला. काकांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "काय, बरं ना?" नंबर नाही. यादव बिचारा ताठ उभा राहायच्या तयारीत होता, तो तसाच राहिला. मला वाटलं, काका आता मवाळ झाले. मला ते आवडलंही होतं.

काकूंच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. हॉस्पिटलला आगाऊ पैसे भरायचे होते म्हणून काकूंनी मला बोलावलं. काका कंप्युटरसमोर बसले, साइट उघडली, पासवर्डाची चौकट आली. मी इतक्या वर्षांच्या सवयीने खुर्ची फिरवली आणि खिडकीबाहेर बघत बसले. गच्चीवर तिवारीण बाई चादरी झटकत होत्या. मी गमतीने वर्णनही करून पाहिलं. मागून माउसची टिकटिक येई, थांबे, पुन्हा येई. "झालं" काही येईना. काकूंनी आणून ठेवलेल्या चहावर साय धरली. मी वळले नाही, कारण वळायचं नसतं.

शेवटी ते म्हणाले, "साइटच वेडी आहे गं." आवाज अगदी हळू होता.

"हो काका, सगळीकडे हीच बोंब आहे," मी म्हणाले. काकूंनी कपाटातून चेकबुक काढलं, काकांनी झोकात सही केली आणि काम झालं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी माझ्या खात्यासाठी तीच साइट लावली, ती निमूट उघडली. आमच्या ऑफिसचं नेट चांगलं असेल, असं मी स्वतःला समजावलं.

दिवाळीला वर्षा आली. पुण्यात राहून तिची आमच्या या शिष्टाचाराची सवय सुटली होती. वडील बँकेची साइट उघडून बसले, तर ती त्यांच्या मागे उभी राहून सरळ बघत राहिली. काका पासवर्डाच्या जागी आपला कारखान्यातला तिकीट नंबर टाकत होते. चुकलं की पुन्हा तोच. खातं लॉक झालं तरी तोच. तिने खांद्यावर हात ठेवला तेव्हा ते तिला म्हणाले, "नंबर बरोबर आहे हो साहेब, हजेरी लागत नाहीये." वर्षा स्वयंपाकघरात येऊन ओट्याला धरून उभी राहिली, हे काकूंनी मला नंतर सांगितलं.

डॉक्टर म्हणाले, हे बऱ्याच आधीपासून चालू असणार. औषधाने ते जात नाही, पण लवकर आणलं असतं तर त्याची चाल कमी करता आली असती. घरी येऊन काकू म्हणाल्या, "मला कळलंच नाही गं. विजेचं बिल भरलं जात होतं, गॅस येत होता, फोन चालू होता. मला वाटायचं, हेच सगळं करतात." काकांना काही आठवायची गरजच उरली नव्हती. अंगठा त्यांचा होता, बाकी सगळं मुनीमजी भरत होते. फक्त एका बँकेच्या साइटने त्यांना सरळ विचारलं होतं, तुमचं तुम्हाला आठवतंय का? आणि तिला आम्ही सगळ्यांनी मिळून वेडी ठरवलं.

मला मात्र हॉस्पिटलचे पैसे भरायच्या त्या दुपारचं दुःख फार होतं. मी वळून बघितलं असतं तर त्यांचा चेहरा दिसला असता. आमच्या अख्ख्या ओळीत एकानेही कधी काकांना पासवर्ड टाकताना पाहिलं नाही, कारण बघू नये हे त्यांनीच आम्हाला शिकवलं होतं. मी त्यांचं ऐकलं याचं वाईट वाटून घ्यावं की नाही, हे अजून मला ठरवता येत नाही. वाईट वाटायचं काही थांबत नाही.

पुढे बँकेचं सगळं काकूंच्या नावावर आलं. त्यांना साइट मी शिकवली. तोवर काका मला ओळखेनासे झाले होते. गेलं की हात जोडून "या, आपण कुठल्या?" विचारायचे. "ग्वाल्हेरची," मी म्हणायची. "वा, लांबून आलात," ते म्हणायचे. मुद्दाम परेशान हा शब्द वापरून पाहिला, तरी त्यांनी चूक काढली नाही.

एकदा अशीच गेले होते. काकू नवा चष्मा लावून पडद्यावर एका बोटाने एकेक अक्षर शोधायला लागल्या. तेवढ्यात खुर्ची करकरली. काका खिडकीकडे वळले होते. बायको कोण, शेजारीण कोण, घर कोणतं, यातलं काही त्यांना त्या दिवशी सांगता आलं नसतं. पण कोणीतरी पासवर्ड टाकतंय हे त्यांना कळलं होतं. "तिवारींच्या गच्चीवर पापड घातलेत," ते म्हणाले. "कावळा आलाय."

मी त्या वेळी कंप्युटरकडे पाहिलं नाही, गच्चीकडेही नाही. मी त्यांच्या बाजूला जाऊन त्यांचा चेहरा पाहिला. डोळे बाहेर लावलेले, दोन्ही हात गुडघ्यांवर, कामावर असल्यासारखे. बाहेर गच्ची रिकामी होती. तिवारी कोटऱ्याला मुलाकडे राहायला गेले, त्याला बरेच महिने झाले होते.

पैसे भरले गेले. काकू औषधांचं बोलायला लागल्या, मीही बोलत बसले, आणि मग आमच्या लक्षात आलं की काका अजून तसेच बसले आहेत. काकू उठून त्यांच्याजवळ गेल्या. "झालं हो," म्हणाल्या.

ते वळले. "उघडलं?"

"उघडलं."

"मग हरकत नाही," काका म्हणाले.

ते गेले त्याला आता एक हिवाळा उलटला. काकू बँकेचं काम एकट्या करतात, मी फक्त चहाला जाते. ती खुर्ची त्यांनी खिडकीपाशीच ठेवली आहे, तोंड बाहेर करून. परवा मी गेले तेव्हा विजेचं बिल भरणं चाललं होतं. शेवटचं अक्षर दाबून झाल्यावर काकूंनी चष्मा काढला, खुर्चीच्या पाठीकडे पाहिलं आणि नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "झालं हो."