एकोणसत्तर

मी स्वतःला फार हुशार समजायचे, हे आधीच सांगून टाकते. नव्वदच्या सुमाराला डोंबिवलीच्या आमच्या एक्स्चेंजमध्ये इलेक्ट्रॉनिक यंत्र आलं आणि त्याच्या की-बोर्डपुढे बसायचा मान मला मिळाला. सकाळचा अलार्म, एसटीडीचं कुलूप, कॉल ट्रान्सफर, सगळ्या सेवा त्या यंत्राच्या पोटात. लोकांना वाटायचं, हे सगळं टेबलावरचा फोनच करतो. तो बिचारा नुसता वाजायचा. मी जे टाइप करीन ते यंत्र मुकाट्याने करायचं, कधी उलट विचारायचं नाही.

एका सकाळी आमच्या डॉक्टरीणबाईंचा फोन आला. दवाखान्याला रंग लावायचा होता, म्हणून तिथले कॉल आठवडाभर घरी वळवायचे होते. घरचा नंबर त्यांनी मराठीतच सांगितला, शेवटी "एकोणसत्तर". मी टाइप केलं आणि चहाला उठले.

संध्याकाळी घरी आले तर वहिनी मोरीजवळ भिंत धरून उभी. तिला नववा महिना होता. साडीला रक्त लागलं होतं. दादा फिरतीवर, घरात आम्ही दोघीच. खात्यातली नोकरी म्हणून घरी फोन होता. डायरीतून दवाखान्याचा नंबर काढला आणि फिरवला.

पलीकडे कोणी म्हातारी बोलली. "आगो, हिकरं डॉक्टर नाय. सकालपासना सगल्यांना तेच सांगतंय. दुपारी एक पोरगी रडत व्हती बघ, बोलताच येईना तिला. मंग तिचा फोन परत नाय आला."

फोन ठेवला आणि सकाळचा नंबर मोठ्याने म्हणून पाहिला. एकोणसत्तर. कान 'सत्तर'वर अडकले होते आणि हाताने सात-नऊ टाइप केलं होतं. शाळेत याच चुकीसाठी मी बाईंचा मार खाल्ला होता.

आता शेवटी सहा-नऊ फिरवले. फोन डॉक्टरीणबाईंनीच उचलला. "अगं, आडवी कर तिला. निघालेच मी." त्या येईपर्यंतची पंधरा मिनिटं मी वहिनीचा हात धरून बसले होते. इतकी भीती मला त्याआधी कधी वाटली नव्हती.

दोघी वाचल्या, वहिनी आणि भाची. सगळं आटोपल्यावर हात धुताना बाई म्हणाल्या, "आज दिवसभर एकही फोन नाही बघ. किती शांत दिवस गेला!"

दुसऱ्या दिवशी सातच्या जागी सहा टाइप केला. दोन सेकंदांचं काम. आदल्या दिवशी कोणी कोणी फोन केले होते, ते मात्र यंत्राला सांगता येत नव्हतं.

पुढे कितीतरी दिवस वहिनीला तपासायला मीच घेऊन जायचे. दर वेळी ठरवून जायचे की आज विचारायचं, त्या दुपारी कोणी पेशंट तुम्हाला शोधत होती का, तिचं काय झालं. तपासणी झाली की बाई माझ्याकडे बघायच्या. "काही विचारायचंय का गं?"

"नाही," मी म्हणायचे.