टोल्समांच्या घरचं नाव

यौके हे नाव आता आमच्या गावात इतकं झालंय की बेकरीत केकवर ते मी डोळे मिटून क्रीमनं लिहीन. माझ्या लहानपणी मात्र ते एकाच घरात होतं, टोल्समांच्या. समुद्राच्या बांधाखालची चांगली कुरणं टोल्समांची, चर्चमधला पहिला बाक टोल्समांचा, आणि हे नावही त्यांचंच. पहिलं मूल मुलगा असो की मुलगी, ते यौकेच. लिहिताना मध्ये सी हे एक जास्तीचं अक्षर घालायचे. तो बोलताना कुठेच ऐकू येत नाही, नुसता मिरवायला. दुसऱ्या कुणी हे नाव ठेवायचं नाही असा काही कायदा नव्हता. छाती नव्हती कुणाची, एवढंच.

ती झाली नीस्केची. नीस्के टोल्समांच्या गोठ्यात दूध काढायची. लग्न झालेलं नव्हतं आणि दिवस गेले. पोट दिसायला लागलं तरी म्हाताऱ्या मालकीणबाईंनी तिला कामावर ठेवलं, कारण गाई तिच्या हाताला सरावलेल्या होत्या आणि तोंडानं कुणी काही बोललेलं नव्हतं. आमच्या फ्रीसलंड मुलखात जे बोललं जात नाही ते घडलेलंच नसतं. मग बाप्तिस्म्याच्या रविवारी पाद्रीबाबांनी भर चर्चमध्ये विचारलं, "मुलीचं नाव काय ठेवायचं?" जिचा आवाज गोठ्याबाहेर कुणी ऐकला नव्हता ती नीस्के खणखणीत म्हणाली, "यौके."

आमच्याकडे पहिलं मूल बापाच्या घरचं नाव घेऊन येतं. नाव सांगितलं म्हणजे बाप सांगितला. पहिल्या बाकावर तरणा यौके टोल्समा नव्या बायकोशेजारी बसला होता, तो आपले बूट बघायला लागला. त्याची आई, म्हणजे त्याच मालकीणबाई, तरातरा उठून बाहेर गेली. दुसऱ्या दिवशी नीस्केला गोठ्याचं दार बंद झालं. पुढे ती जन्मभर घरी बसून कोळंबी सोलत राहिली. बोटं चिरायची, मिठानं चरचरायची, पण तिनं नाव बदललं नाही.

हे सगळं माझ्या आईनं मला सांगितलं. पुढचं मी स्वतः पाहिलं, कारण शाळेत पोरगी यौके माझ्याच बाकावर होती. आणि मागच्या बाकावर तिचा सावत्र भाऊ, टोल्समांचा खरा वारस, तोही यौके. पहिल्याच आठवड्यात मास्तरांनी तिच्या पाटीवरचा सी बोटानं पुसला.

"हा तुझा नाही," ते म्हणाले. "हा मळ्यावरच्या टोल्समांचा आहे."

कुणी सांगितलं होतं त्यांना तसं, हे काय वेगळं सांगायला हवं? मागचा फिदीफिदी हसला. तेव्हापासून ती "बिनसीची" झाली. खेळायला घ्यायचं असलं तरी बिनसीची, चोरी कुणी केली असं विचारलं तरी बिनसीचीच. ती कधी रडली नाही. एकदा बांधावर बसून पाव खाताना मला म्हणाली, "बघ तू. ह्यांना ह्यांचंच नाव नकोसं करून सोडीन. आणि त्या घरात माझ्या आईच्या नावानं हाका मारायला लावीन." मी हसले होते. लहान होते, कळत नव्हतं.

मोठी झाल्यावर ती बाळंतिणीची नर्स झाली. आमच्याकडे मूल झालं की पहिला आठवडाभर नर्स घरी येते. बाळाला न्हाऊ घालते, बाळंतिणीला बघते, सासूला गप्प बसवते. आणि तेव्हा नेमकी हवा अशी फिरली होती की तरुण आईबापांना आज्याआजोबांची नावं नको झाली होती. वेगळं काहीतरी द्या, पण आपल्या मातीतलं द्या. अशा वेळी टॉवेल घडी करता करता यौके सहज म्हणायची, "यौके आहे की. मुलाला चालतं, मुलीलाही चालतं. आणि हो, सी घालून लिहा बरं का. घराणेदार दिसतं."

बाळाच्या बापांनी बेकरीत यायला सुरुवात केली. बाळ झालं की टोस्टवर घालून वाटायचे ते बडीशेपेचे गुलाबी नाहीतर निळे गोड दाणे घ्यायचे, टोस्ट घ्यायचे, आणि म्हणायचे, "केकवर यौके लिहा. सी विसरू नका." पहिल्यांदा मी चमकले. नंतर मजा यायला लागली. मग आमच्या घरांच्या ओळीतच तिघं यौके झाले. मासेवाल्यानं होडीला ते नाव दिलं. डाकवाल्या बाईंनी बोकडाला दिलं, तेही सी घालून. एकदा शाळेच्या फाटकाशी कुणी आई ओरडली, "यौके, नाक पूस आधी!" तर चार पोरांनी बाहीनं नाकं पुसली, आणि मोटारीतून उतरणाऱ्या यौके टोल्समाचा, शाळेतल्या त्या मागच्या बाकावरच्याचा, हात खिशातल्या रुमालाकडे गेला. मी दुकानाच्या पायरीवर होते. इतकी हसले की कुशीत कळ आली.

त्याला कळत होतं हे कोण करतंय. पण तक्रार काय करणार? नाव चोरीला गेलं म्हणून पोलिसात जाणार?

मग त्याच्या हार्मेनची बायको बाळंत झाली. हार्मेन धाकटा. हार्मेनचा थोरला भाऊ यौके लहानपणीच तापानं गेला होता, त्यामुळे घरचं नाव आता या नातवंडावर येऊन थांबलं होतं. सून मारेन लांबच्या गावची, तिला जुनं काही ठाऊक नव्हतं. तिनं मैत्रिणींकडून ऐकून यौकेलाच बोलावलं. निवृत्तीला थोडे महिने उरले होते, तरी ही गेली. आणि गेली ती पुढच्या दारानं! आमच्या शेतघरांचं पुढचं दार फक्त नवरीला आणि शवपेटीला उघडतं, बाकी सगळे मागून. ही बेल वाजवत उभी राहिली. हार्मेननं खांद्यानं रेटून ते फुगलेलं दार उघडलं.

मुलगी झाली होती. आतलं बोलणं यौकेनंच मला नंतर सांगितलं. मारेन उशीला टेकून म्हणाली, "मावशी, सासऱ्यांना यौके हवंय. मी नाही ठेवणार. हाक मारली तर अर्धी शाळा धावत येईल. बोकडसुद्धा आहे म्हणे एक!"

"मग माझ्या आईचं ठेव," यौके म्हणाली. "नीस्के. याच घरात दूध काढायची ती." आणि तिनं सगळं सांगितलं. बाप, बाप्तिस्मा, कोळंबी, सी, काही राखून ठेवलं नाही. हार्मेन खिडकीकडे तोंड करून ऐकत होता. मारेन बाळाकडे बघून म्हणाली, "हेच." हार्मेन गाडीची किल्ली घेऊन नावाची नोंद करायला गेला.

मी केक घेऊन पोचले तेव्हा यौके स्वयंपाकघरात टोस्टांवर लोणी लावत होती. टोल्समा दारात उभा होता. चेहरा पिठासारखा पांढरा.

"यौके, तुम्ही सांगा तिला," तो म्हणाला. जन्मात पहिल्यांदा त्यानं तिला अहोजाहो केलं. "ती तुमचं ऐकते. दुसरं कुठलंही नाव चालेल मला."

"का? हे वाईट आहे?"

"गाव हसेल. मला रोज हाक मारावी लागेल त्या नावानं." मग आवाज उतरवून म्हणाला, "मी सांगतो सगळ्यांना. चर्चमध्ये उभा राहून सांगतो. तू माझी..."

"कोण तुझी?"

यौकेनं सुरी खाली ठेवली आणि वाट पाहिली. एवढा एक शब्द त्याच्याकडून आला असता तर ती विरघळली असती, मी ओळखते तिला. पण मेल्याच्या तोंडून काही तो शब्द निघाला नाही.

आतल्या खोलीत बाळ रडायला लागलं. मारेनची हाक आली, "आबा, नीस्के रडतेय, जरा घेता का तिला?"

टोल्समा हलेना. यौकेनं सुरी परत उचलली आणि त्याच्याकडे न बघता म्हणाली, "जा. तुझा बाप गोठ्यात हे नाव कुजबुजायचा. तू मोठ्यानं घे."