कालवांच्या ताटातला लाल ठिपका

याकोमीनबाईंनी डूख धरला तो एका लाल ठिपक्यापायी. झीलंड प्रांतात, ओस्टरस्खेल्डच्या खाडीकाठी, दर शरदात कालवं उघडायची शर्यत भरते. सुरी कितीही झपझप चालो, ताटात रक्ताचा थेंब दिसला की गडी बाद. त्या वर्षी बाईच पहिल्या येणार होत्या. पण शेजारच्या मेजावरचा क्राइन त्यांच्या ताटावर ओणवा झाला आणि गोड आवाजात पंचाला म्हणाला, "साहेब, बाईंच्या ताटात जरा बघता का?"

ठिपका होता खरा. पण बाईंच्या एकाही बोटाला ओरखडा नव्हता, आणि क्राइनचा अंगठा तेवढ्यात विजारीच्या खिशात गेला होता. बाईंचा आजारी नवरा मारिनुस पांघरूण लपेटून खुर्चीतून शर्यत बघत होता. सुरीला धार त्यानंच लावलेली. पुढची शर्यत बघायला तो उरला नाही.

तेव्हापासून क्राइन रस्त्यात दिसला की बाई आधी त्याचा अंगठा बघायच्या. दर वर्षी शर्यतीत उतरायच्या, आणि दर वर्षी तो थोडक्यात पुढं निघायचा.

यंदा मात्र बाईंचं काळीजच आडवं आलं. ठोके चुकतात म्हणून रक्त पातळ करणारी एक गोळी जुनीच होती. वसंतात हृदयाची नळी तुंबली, डॉक्टरांनी आत स्टेंट बसवला आणि आणखी दोन गोळ्या दिल्या. त्यातली ॲस्पिरिन थोडे आठवडेच घ्यायची, उरलेल्या दोन चालू ठेवायच्या, असं बजावलंही होतं. तरी उन्हाळा सरला आणि बाईंना साधे बटाटे सोलताना खरचटलं तरी फडकं भिजायचं. हातावर जांभळे डाग. अशा हातांनी कालवं उघडायची म्हणजे लाल ताटच पंचापुढं ठेवायचं. बाईंनी मनाशी ठरवलं, शर्यतीपुरत्या सगळ्याच गोळ्या बंद.

बोट टोचून रक्त तपासायला हेस्टर नावाची नर्स घरी यायची. तिला हा बेत कळला तशी ती खुर्ची ओढून बसली. "त्या दोन गोळ्या बंद केल्यात तर नळी पुन्हा तुंबेल, आणि क्राइन तुमच्या मयतीला येऊन नंतर वाटतात तो केक खाईल. चालेल?"

ते काही चालण्यासारखं नव्हतं.

मग हेस्टरनं कपाट उघडलं, तर ॲस्पिरिनची खोकी. बाई अजून रोज एक घेत होत्या. बाई म्हणाल्या, पैसे मोजलेत, चांगला माल फेकायचा कसा? झीलंडचा माणूस असाच, पैशाला चिकट. हेस्टरनं डॉक्टरांना तिथूनच फोन लावला आणि खोकी पिशवीत भरून नेली. आठवडाभरात रक्त बरंच आटोक्यात आलं. डाव्या हाताला बाईंनी जाळीचा लोखंडी मोजा चढवला, आणि दोन्ही गोळ्या गिळून शर्यतीला उभ्या राहिल्या.

क्राइन शेजारीच. "मोजा गं कशाला? थंडी वाजते?" म्हणाला. बाई त्याच्या हाताकडं बघत होत्या. त्याच्या बाहीखाली त्यांना जांभळे डाग दिसले होते.

बाई सावकाश, एकेक शिंपला जपून उघडत गेल्या. क्राइन हसत पुढं पळाला, आणि त्याची सुरी निसटली. अंगठ्याला जरासं लागलं, पण धार थांबेना. त्यानं हात खिशाकडं नेला.

"साहेब," बाई गोड आवाजात म्हणाल्या, "क्राइनच्या ताटात जरा बघता का?"

तोवर त्याची विजारही लाल झाली होती. तो पांढराफटक पडला. बाईंनी मोजा काढला, त्याचा हात खस्सकन वर ओढला आणि अंगठा मुठीत आवळला.

"तुलाही स्टेंट?"

"वसंतातच. कुणाला सांगू नकोस."

"आणि ॲस्पिरिन? खोकं संपवतोयस ना?"

"पैसे मोजलेत गं," तो पुटपुटला.

प्रथमोपचाराची पेटी घेऊन हेस्टर धावत आली, म्हणाली, असाच घट्ट दाबून धरा, सोडू नका. बाईंना सोडायचं नव्हतंच. सगळं गाव गोळा झालेलं, आणि शाळेत चोरी करताना धरलेल्या पोरासारखा हात वर करून क्राइन मधोमध उभा.

"मारिनुससमोर माझ्या ताटात रक्त कुणाचं होतं, तेवढं साहेबांना सांग."

"आधी हात सोड. दुखतोय."

बाईंनी आणखी आवळला.

"माझं," क्राइन म्हणाला. पंचानं ऐकू येईना म्हणून कानामागं हात धरला, तसं त्याला मोठ्यानं म्हणावं लागलं, "माझं होतं. मीच पाडलं."

हेस्टर म्हणाली, रक्त थांबलंय, आता पट्टी बांधू.

"थोडं अजून दाबते," याकोमीनबाई म्हणाल्या. "मला घाई नाही."