तारेचा आवाज

काचबिंदूने धाकट्या भावाची नजर गेली, त्यानंतर काही वर्षांनी तो मोबाइलवर गेम खेळू लागला. स्क्रीन काळीच. सगळा खेळ कानांत. डावीकडे पाणी ठिबकतं, उजवीकडे जनावर श्वास घेतं, आणि आपण बोट सरकवत गुहेतून वाट काढायची. त्याने मलाही हेडफोन लावून बसवलं. मी दर वेळी दोन मिनिटांत मरायचो. तो हसायचा.

"भाऊ, तू घाबरतं कायले? ह्या गेममंधी आवाज केल्याशिवाय कोनी मारत नाही."

रिसोडजवळच्या आमच्या वांग्यांच्या वावरातही तो तसाच फिरायचा. रानडुकरांसाठी कुंपणाला झटका मशीन होतं, दर सेकंदाला टक करणारं; त्याचा झटका बसतो, जीव जात नाही. ती टकटक डाव्या कानाशी ठेवून तो धुऱ्याच्या बांधाने विहिरीपर्यंत एकटा जायचा.

मशीन बिघडलं, दुरुस्तीला दिलं. दोन रात्रींत डुकरांनी चार ओळी उकरल्या. मग मी विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीतून तारेत थेट करंट सोडला. आमच्याकडे करतात लोक, बोलत नाहीत. रात्री जोडायचा, पहाटे काढायचा. भावाला सांगितलं नाही. तो नको म्हणाला असता.

तिसऱ्या दिवशी तोडणीच्या घाईत काढायचा राहिला. त्या दिवशी भाऊही आठवड्याने माझ्यासोबत वावरात आला होता. नऊच्या सुमारास झोपडीत भाकरी खायला बसलो, तर बाजेवर त्याचा हेडफोन पडलेला आणि तो नाही. घास तोंडातच राहिला. मी धावलो.

तो कुंपणाशी उभा होता. तळहात तारेवर.

"मशीन बंद हाय काय, भाऊ? आवाज नाही येऊन राह्यला."

मी मोटारीच्या पेटीकडे पाहिलं. लाल दिवा विझलेला होता. लाईन गेली होती. कधी, ते मला माहीत नाही. "दुरुस्तीले गेलं," मी म्हणालो आणि त्याचा हात धरून त्याला बाजूला घेतलं. तेवढं खरं होतं. मग जाऊन तारेचा जोड उपटला. तो खाली टाकतो तोच पेटीवरचा दिवा पुन्हा लागला.

मशीन परत आलं. टकटक सुरू झाली. तो आता पूर्वीपेक्षा बिनधास्त चालतो, आणि चार माणसांत सांगतो की भावाच्या वावरात मले काठी लागत नाही.

हे त्याच्यासमोर बसून सांगायचं मी अनेकदा ठरवलं, जमलं नाही. म्हणून टाइप केलं. पाठवलं की त्याचा फोन त्याला ते मोठ्याने वाचून दाखवील, गेममध्ये मेल्यावर बोलतो त्याच सपाट आवाजात. तो आत्ता बाहेर बाजेवर बसलाय. फोन त्याच्या मांडीवर आहे.

पाठवतोय.